अकरा ताटं कमी

१

अकरा ताटं कमी भरली. पहिल्यांदा वाटलं, मोजण्यात चूक असेल. म्हणून शेजारच्या अलकाताईंनी चळती मोडून पुन्हा लावायला घेतल्या आणि आम्ही सगळ्या अंगणात बसून स्टीलवर स्टील आपटल्याचा आवाज ऐकत राहिलो. तरी अकरा कमीच.

माझ्या ओवीचं जावळ जवळ आलं होतं. त्या जेवणासाठीच ताटं बाहेर काढली होती. ती आमच्या एकट्या घरची नव्हती. पांढुर्ण्याच्या आमच्या मोहल्ल्यात बायकांनी मिळून भांडे बँक काढली आहे. पाटी हिंदीत, 'बर्तन बैंक', कारण पेंटरला तेवढंच येत होतं. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, ज्याला लागतील त्यानं ताटं न्यायची आणि घासून परत करायची. थर्माकोल बंद.

कल्पना माझीच. लग्नसराईत आमच्या घरामागच्या नाल्याकाठी उष्ट्या थर्माकोलच्या पत्रावळींचा ढीग पेटायचा आणि तो धूर ओवीच्या छातीत बसायचा. ती खोकली की मी तिच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजत बसायची. शेवटी मी घरोघर फिरले. कोणी पाच ताटं दिली, कोणी अकरा, कोणी एकवीस. लग्नात आलेली, माळ्यावर पडलेली, प्रत्येकावर कोणाचं ना कोणाचं नाव कोरलेलं.

ताटं आमच्या घरामागच्या खोलीत राहतात. कुलूप एक, चाबी एक, आणि ती कलाबाईकडे. देणं-घेणं, घासणं, मोजणं तीच पाहते. मोहल्ल्यातल्या चार घरची धुणीभांडीही तिच्याकडे. लोक घर उघडं टाकून जातात तिच्या भरवशावर.

"भैय्याजीच्या घरची तेरवी झाली, तवा पुरे आले होते जी," कलाबाई म्हणाली. "मी सोता मोजले."

तेव्हा मी बोलले. "चाबी तर तुमच्याचकडं असते ना, कलाबाई."

मला आरोप करायचा नव्हता. मी फक्त विचारत होते, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगते आहे. पण मी कॉलेज शिकलेली, बँक माझी, अंगण माझं. वाक्य खाली पडलंच नाही, जिनं तिनं ते झेललं. डिंपल म्हणाली, मागच्या महिन्यात तिच्या घरचा एक गिलास दिसत नव्हता. अलकाताई म्हणाल्या, माणूस वाईट नसते, परिस्थिती वाईट असते. माझ्या सासूबाई पोळपाट घेऊन आत निघून गेल्या.

कलाबाईनं कंबरेची चाबी सोडली, पायरीवर ठेवली आणि चपला न घालताच, हातात घेऊन गेली.

संध्याकाळपर्यंत दोन घरांनी, अलकाताईंच्या आणि डिंपलच्या, तिला निरोप धाडला होता, उद्यापासून येऊ नको.

२

दुसऱ्या दिवशी सौसरहून माझी नणंद आली, अमिताताई. ती विमा कंपनीसाठी पिकाच्या नुकसानीची पाहणी करते. शेतकरी सांगतो गारपिटीनं संत्री गेली. ती झाडाखाली उभी राहून देठ पाहते आणि म्हणते, काका, गारेला कैची कुठून मिळाली?

ती भाचीच्या जावळासाठी आली होती. पण मी तिला खोलीपाशी नेऊन सगळं सांगितलं, माझ्या वाक्यासकट. तिनं कुलूप पाहिलं, कडी पाहिली, खिडकीची जाळी हलवून पाहिली. कुठं ओरखडा नव्हता.

"काय गेलं ते कळलं, वहिनी. काय नाही गेलं ते सांग."

मी आत पाहिलं. पाण्याचे तांब्याचे दोन गुंड जागेवर होते. पितळेची मोठी परात होती, जी उचलायला दोघी लागतात. वाट्या, गिलास सगळं होतं.

"भंगारात विकायचं असतं तं कोणी पितळ-तांबं सोडून स्टील नेलं असतं का?" ती म्हणाली. "आणि अकरा. चोरानं हाताला लागली तेवढी उचलली असती. अकरा हा द्यायचा आकडा आहे, चोरायचा नाही."

कलाबाईच्या बाजूनं बोलणारं हे पहिलं वाक्य होतं, आणि ते मला सुचायला हवं होतं.

"मग कोणी?"

"ज्याला बँक नको आहे त्याच्यापासून सुरू करू," ताई म्हणाली. "तुझ्यामुळं कोणाचं दुकान बसलं?"

३

वीरेंद्रचं दुकान बसस्टँडच्या रस्त्यावर आहे. थर्माकोलची ताटं, द्रोण, प्लास्टिकचे गिलास, सगळं छतापर्यंत रचलेलं. बँक निघाली तेव्हा त्यानं माझ्या नवऱ्याला, संदीपला, रस्त्यात थांबवून विचारलं होतं की तुमच्या घरी भांडे घासायचा इतका शौक आहे तं माझ्या घरचेही पाठवू का.

ओवीला कडेवर घेऊन मी बाहेरच थांबले. आतला वास मला तिच्या नाकात जायला नको होता. ताईनं सरळ विचारलं, मोहल्ल्यातली ताटं गेल्याचं त्याला कधी कळलं.

"मॅडम, सकाळी गेले, दुपारी मला अभिनंदन करायला लोक आले," वीरेंद्र म्हणाला. त्याला राग आला नव्हता, गंमत वाटत होती. त्यानं आम्हाला थंडा पाजला आणि वहीचं पान उलटावं तसं एकेक बोट उघडत हिशेब दिला: बँकेमुळं त्याचा एक मोहल्ला गेला, पण लग्नाचे तीन नवे लॉन उघडले. "मी काहून चोरू? जोवर माणसाला जेवल्यावर ताट घासायचा कंटाळा आहे, तोवर माझं दुकान आहे. तुमची बँक तुमच्याच बायका बुडवतीन. मला हात लावायची गरज नाही."

बाहेर आल्यावर ताई हसली. म्हणाली, खरं बोलला. नुकसान करणारा माणूस इतक्या आरामात बसत नाही.

मला मात्र त्याचं ते शेवटचं बोलणं सलत राहिलं.

४

भैय्याजींच्या घरी जायचं मी टाळत होते.

ते कापसाचे जुने व्यापारी. त्यांच्या पत्नी वच्छलाकाकू महिन्याभरापूर्वी गेल्या. टीबी होता. शेवटचे सहा महिने खाटेवरच. बँकेला पहिली ताटं त्यांनीच दिली होती, तेव्हा त्या हिंडत्याफिरत्या होत्या. त्यांच्या तेरवीनंतरच ताटं परत आली होती, म्हणून तिथं विचारणं भाग होतं.

ताई आत जाऊन बसली. मी ओवीला घेऊन ओट्यावरच बसले. भैय्याजी दोनदा म्हणाले, सूनबाई आत या, पंख्याखाली बसा. मी म्हणाले, इथं हवा आहे.

तेरवीला ताटं पुरी होती, ते म्हणाले. त्यांनी स्वतः वच्छलाकाकूंचं नाव असलेल्या ताटात जेवण घेतलं होतं, शोधून. कलाबाईनं त्यांच्याच अंगणात घासली, मोजली, हातगाडीवर नेली.

ताईनं हळूच विचारलं, ती ताटं परत घ्यावीशी वाटली नाहीत का, आठवण म्हणून.

"वाटलं ना," भैय्याजी म्हणाले. "पण तिनं हातानं दिलेलं मी माघारी आणलं, तं वर गेल्यावर ती मला जेवू घालीन का?" मग जरा वेळानं म्हणाले, "कलानं चोरले असं लोक म्हणून राहिले. माझ्या घरी तिला सोन्याच्या बांगड्या धुवायला दिल्या जात होत्या."

निघताना त्यांनी ओवीच्या हातात बिस्कीट दिलं. गल्लीच्या वळणावर मी ते तिच्या मुठीतून काढून घेतलं. ताईनं पाहिलं.

५

"सगळ्या बायकांना बोलाव," ताईनं सांगितलं. "म्हणावं, आपापली ताटं शोधून काढा."

दुपारी अंगणात जत्रा भरली. चळती मोडल्या गेल्या आणि जिची ती आपलं नाव शोधू लागली. अलकाताईंना त्यांची पाच लगेच सापडली, पण एकाला पोचा आला होता. तो कोणाच्या घरच्या लग्नात आला यावर बराच वेळ गेला. डिंपलला तिच्या रुखवताची ताटं मिळाली आणि तिनं ती तिथंच पदरानं पुसली. एक म्हातारी म्हणाली, माझं नाव माझ्यापेक्षा टिकलं. हसणं झालं. मीही हसले. मग आठवलं की या सगळ्यात दरवेळी चहा करणारी बाई आज नाही.

शेवटी अंगणात प्रत्येकीसमोर तिची तिची चळत होती. माझ्या सासूबाईंसमोर आमची.

ताई मधोमध उभी होती. "कोणाची कमी आहेत?"

कोणाचीच नव्हती.

"अकरा ताटं गेली," ताई म्हणाली, "आणि कोणाचंही गेलं नाही. चोरानं आडवातिडवा हात मारला असता तं दोन अलकाताईंची गेली असती, एखादं डिंपलचं. म्हणजे नावं वाचून, एकीचीच काढली. आणि ती एक इथं शोधायला येऊ शकत नाही."

अंगणात सगळ्यांना एकदमच कळलं. वच्छलाकाकूंची ताटं.

"म्हणजे भैय्याजीनंच…" डिंपल कुजबुजली.

"भैय्याजींजवळ चाबी नव्हती," ताई म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं. "चल. जिच्याजवळ होती तिला आपण अजून काही विचारलंच नाही."

६

कलाबाई रेल्वे फाटकापलीकडे राहते. आम्हाला पाहून ती उठली नाही. कांदे निवडत होती.

"चोराच्या घरची चाय पेसान का?" तिनं विचारलं.

ताई म्हणाली, पिऊ. आणि खरंच बसली. मी उभी राहिले, मग मीही बसले. तिनं चहा ठेवला. कलाबाईनं सांगितलं की रामाकोन्याला तिचा भाऊ आहे, ती तिकडंच जाईल म्हणते. इथं आता पाय ठेवायला जागा नाही. दुकानात साबण घ्यायला गेली तर दुकानदारानं आधी हात पाहिले.

"कलाबाई, मोजल्यावर ताटं कुठं कुठं गेली?" ताईनं विचारलं.

"कुठीच नाही. खोलीत."

"सरळ खोलीत?"

"सरळच. म्हणजे उनात टाकले होते, मंग खोलीत."

ताईनं कप खाली ठेवला. "उन्हात? कुठं?"

"यायच्याच गच्चीवर." कलाबाईनं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. तिला यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. "तेरवीचे भांडे ओले ठेवत नसते जी. एक ऊन दाखवा लागते. दुपारभर ठेवले, संध्याकाळी उचलून खोलीत लावले."

"उचलताना मोजले?"

"मोजले होते न एक बार. दुसऱ्यांदा कायले मोजू?"

त्या दिवशी मी ओवीला दाखवायला नागपूरला गेले होते. गच्चीवर काय वाळत होतं हे मला माहीतही नव्हतं.

"दुपारी तुम्ही तिथंच होत्या?"

"जेवाले घरी आली ना."

"मग ताटांजवळ कोण होतं?"

कलाबाईनं पहिल्यांदा ताईकडे नीट पाहिलं.

"तुमची माय," ती म्हणाली. "कुरड्या राखत बसली होती."

७

परतताना ताईनं स्कूटर घराच्या गल्लीत वळवलीच नाही. फाट्यावर थांबली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. ती मलाच विचारत होती की स्वतःला, कळेना.

"आईला ताटं विकायची नाहीत. दान दिलेलं ती नदीतही फेकणार नाही, तिला पाप लागीन. ज्या घरी लेकराचं जावळ आहे त्या घरी मेलेल्या बाईची ताटं लपवून ठेवायची हिंमतही तिला होणार नाही." ती थांबली. "बागेतल्या कोठ्याची चाबी कोणाकडं असते?"

बाग आमची तिगावजवळ आहे, संत्र्याची. चाबी सासूबाईंच्या ट्रंकेत असते, पण दाराच्या चौकटीवर दुसरी असते हे घरच्यांना माहीत आहे.

कोठ्यात रिकाम्या कॅरेटांच्या मागं ताटं मिळाली. सासूबाईंच्या जुन्या धुतलेल्या लुगड्यात बांधलेली, दोन गाठी मारून, वर वाळलेलं तुळशीचं पान. मी गाठ सोडली. अकरा ताटं, लख्ख. प्रत्येकावर, काठाजवळ, सौ. वच्छला.

ताई कॅरेटवर बसली. "नुकसानीच्या जागी मी रोज उभी राहते," ती म्हणाली. "आपल्या घरचं पहिल्यांदा पाहून राहिली."

घरी सासूबाई कुरड्यांचे डबे भरत होत्या. आम्ही गाठोडं समोर ठेवलं. त्यांनी नाकारलं नाही. डब्याचं झाकण लावलं, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं, ताईकडे नाही.

"जावळ झालं का परत ठेवणार होती," त्या म्हणाल्या. "कोणाला कळलंही नसतं. मोजतीन असं मला वाटलं नाही."

"पण काहून, आई?" ताईनं विचारलं.

"इनं म्हटलं होतं."

मी काही म्हटलं नव्हतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात मला ते ऐकू आलं, माझ्याच आवाजात. वच्छलाकाकू गेल्या त्या दिवशी मी ओवीला वरण भरवत होते. सासूबाईंनी सांगितलं, जावळाला बँकेचीच ताटं घेऊ. मी मान वर न करता म्हणाले, घेऊ, पण वच्छलाकाकूंची ताटं आपल्या ओवीच्या पंगतीत नकोत.

मी बीएस्सी आहे. टीबी ताटानं पसरत नाही हे मला माहीत आहे. आजारी पडल्यावर काकू त्या ताटांत जेवल्याही नव्हत्या. तरी बोलले, आणि विसरले. घरातल्या जुन्या माणसाला मात्र सून उगाच बोलत नाही असं वाटलं. माझ्या भीतीला त्यांची भीती मिळाली, मेलेल्या बाईचं नाव लेकरासमोर नको, आणि दोन्हींनी मिळून गच्चीवर बसून अकरा ताटं वेचली.

"अंगणात कलाबाईवर आलं तेव्हा तुम्ही बोलल्या काहून नाही?" मी विचारलं.

"तूच तं बोलली ना तेव्हा," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुला माहीत आहे. तू मला सांभाळून घेऊन राहिली."

त्या हे मनापासून म्हणत होत्या. उपकार मानल्यासारख्या.

८

ताईनं एकच सांगितलं: जिथं आरोप झाला तिथंच उतरला पाहिजे, त्याच लोकांसमोर. पण तिनं बोलायचं नाकारलं. "शोधणं माझं काम. हे तुमच्या दोघींचं आहे."

संध्याकाळी सगळ्या आल्या. भैय्याजीही. कलाबाईला ताई स्वतः घेऊन आली. ती पायरीच्या खाली, भिंतीला टेकून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

सासूबाई उठायला लागल्या. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उभी राहिले. ताटं मध्ये ठेवली. आधी घरात काय म्हटलं होतं ते सांगितलं, मग अंगणात काय म्हटलं होतं ते. मधलं, गच्चीवरचं, सासूबाईंनी बसल्या बसल्या सांगितलं, खाली पाहत. माझा आवाज स्वच्छ येत होता. इतका नीट का बोलता येतंय याचीच लाज वाटत होती.

भैय्याजींनी एक ताट उचललं, नावावरून अंगठा फिरवला.

"तिच्या आजारपणात तुम्ही डबा आणून देत होत्या, सूनबाई," ते म्हणाले. "दारातच ठेवून जात होत्या. ती म्हणे, लेकरूवाली आहे, तिला बोलू नका."

त्यांनी ताट परत चळतीवर ठेवलं. आवाज होऊ न देता.

मी कलाबाईकडे वळले. माफ करा म्हणाले. ती ऐकत होती, पण माझ्याकडे पाहत नव्हती. ती बसलेल्या बायकांकडे पाहत होती, एकेकीकडे.

"तवा तुमी एक बार म्हटलं तं सगळ्याइनं आयकलं," ती म्हणाली. "आता पाहू." मग ती अलकाताईंकडे वळली. "अलकाबाई, उद्या सकाळी येऊ का मी कामावर?"

अलकाताईंनी पदर सारखा केला. त्या वाईट बाई नाहीत.

"मी दुसरी लावली ना आता," त्या म्हणाल्या. "तिला कसं काढू, कलाबाई? तिनं काय केलं?"

कलाबाईनं मान हलवली, उत्तर पटल्यासारखी. डिंपलला तिनं विचारलंही नाही. मी म्हणाले, माझ्या घरी या. ती म्हणाली, तुमच्या घरी नाही.

मग एकेक करून सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या, मी आता काय म्हणते याची वाट पाहत, जसं त्या दिवशी पाहिलं होतं.

आत ओवी रडायला लागली. मी आत गेले नाही.